मोटरसायकलची स्लो नेमकी किती ठेवावी आणि स्क्रूला कधी हात लावावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. 2012 सालची, कार्बोरेटरवर चालणारी 100 सीसीची मोटरसायकल सिग्नलला उभी राहिली की बंद पडत असे. मेकॅनिकने कार्बोरेटरवरचा स्क्रू फिरवून ‘स्लो वाढवून’ दिली; स्लो म्हणजे मूठ पूर्ण सोडल्यावर इंजिन ज्या वेगाने चालत राहते तो वेग. तेव्हापासून गाडी बंद पडत नाही, पण न्यूट्रलमध्ये घोंगावत राहते, पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज होतो आणि मूठ सोडली तरी इंजिनाचा वेग चटकन उतरत नाही. हा स्क्रू घरी फिरवता येईल का, किती फिरवावा, बरोबर आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) कोणता, आणि मित्राच्या 2021 सालच्या गाडीवर असा स्क्रू का सापडत नाही, असे चार उपप्रश्न आहेत.

स्क्रू घरी फिरवता येतो. त्याला विशेष हत्यार लागत नाही आणि फिरवण्याचे काम फार तर दहा मिनिटांचे असते. परंतु तुम्ही आज नुसता तो स्क्रू कमी केलात तर गाडी पुन्हा सिग्नलला बंद पडू लागेल, कारण ती ज्या दोषामुळे बंद पडत होती तो दोष अजून तिथेच आहे, फक्त झाकला गेला आहे. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग, ज्याची फट जुळवावी लागते), प्लग, केबल, हवेची गळती आणि स्लो जेट (स्लोला पेट्रोल देणारे बारीक भोक) या सगळ्यांचा एकत्रित परिणाम म्हणजे स्लो. हे सारे ठीक असल्यावर जी शे-दोनशे आरपीएमची तफावत उरते, तेवढीच या स्क्रूने भरून काढायची असते. म्हणून स्लोची तक्रार घेऊन आलेल्या गाडीवर मी या स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावतो, आणि पुष्कळदा तो मूळ जागी नेऊन ठेवण्यापलीकडे त्याच्याशी काही करावे लागत नाही.

आधी आकडा पाहू. आपल्याकडच्या 100 ते 150 सीसीच्या बहुतेक एकसिलिंडर गाड्यांची स्लो, इंजिन पूर्ण गरम असताना, 1300 ते 1500 आरपीएमच्या दरम्यान ठेवायची असते. स्प्लेंडरसारख्या गाडीसाठी 1400, शंभर कमी किंवा शंभर जास्त, असा आकडा धरला जातो. मोठ्या आणि जड फ्लायव्हीलच्या (इंजिनाची गती साठवणाऱ्या चाकाच्या) 350 सीसी इंजिनांची स्लो याहून कमी, हजारच्या आसपास असते. म्हणून बुलेटची ती संथ ‘धक-धक’ ऐकून आपल्या 100 सीसीच्या गाडीचीही स्लो तशी उतरवण्याचा मोह टाळावा. छोट्या इंजिनाचे फ्लायव्हील हलके असते, दोन स्फोटांमधले अंतर ओलांडण्यापुरती गती त्याच्याजवळ साठत नाही, त्यामुळे ते हजारवर आले की अडखळते. शिवाय इतक्या कमी फेऱ्यांवर तेलाचा पंप हेडमधल्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत पुरेसे तेल पोहोचवत नाही आणि बॅटरीही नीट चार्ज होत नाही. पेट्रोल वाचवण्यासाठी स्लो अगदी कमी करून घेणारे पुष्कळ लोक भेटतात. त्यातून वाचणारे पेट्रोल नगण्य असते आणि कॅमची झीज मात्र महागात पडते.

उलट बाजूला, स्लो 1800 किंवा 2000 वर गेली की तुम्ही वर्णन केलेली सगळी लक्षणे दिसतात. न्यूट्रलमध्ये क्लचच्या प्लेटा जास्त वेगाने फिरत असतात, त्यामुळे पहिला गिअर टाकताना दात एकमेकांवर आदळतात. उतारावर मूठ सोडल्यावर इंजिनाने गाडीला जो रोध द्यायचा असतो तो कमी पडतो आणि ब्रेक जास्त वापरावा लागतो. गर्दीत अर्धा क्लच दाबून सरकताना गाडी आपल्याला हवी त्याहून थोडी अधिक पुढे जाते, आणि उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण तापते.

आता अडचण अशी की 100 सीसीच्या बहुतेक गाड्यांना आरपीएम मीटर नसतो. अनुभवी कानाला अंदाज येतो, पण नवख्या माणसाने कानावर विसंबू नये. प्लगच्या वायरीला चिमट्यासारखा लावायचा डिजिटल मीटर बाजारात मिळतो; तो वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चार-स्ट्रोक इंजिनात स्फोट दोन फेऱ्यांमागे एकदा होत असला, तरी मॅग्नेटवरून ठिणगी देणाऱ्या पुष्कळ गाड्यांमध्ये ठिणगी प्रत्येक फेरीला पडते आणि त्यांतली एक वाया जाते. मीटरची जुळणी ‘दोन फेऱ्यांना एक ठिणगी’ अशी असेल तर अशा गाडीवर तो दुप्पट आकडा दाखवतो. स्लो 2800 दिसली म्हणून घाबरून स्क्रू खाली आणण्याआधी ही जुळणी तपासावी. मीटर नसेल तर मोबाइल पुरतो. सायलेन्सरपासून हातभर अंतरावर मोबाइल धरून आवाज रेकॉर्ड करावा आणि आवाजाची लहर दाखवणाऱ्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये पाच सेकंदांतले ठोके मोजावेत. 1400 आरपीएमला मिनिटाला 700 स्फोट होतात, म्हणजे पाच सेकंदांत सुमारे 58. ठोके 54 ते 62 यांच्यात असले तर गाडी 1300 ते 1500 मध्ये आहे. 75 च्या पुढे गेले तर स्लो 1800 च्या वर आहे. ही रीत एकसिलिंडर चार-स्ट्रोक गाडीपुरतीच आहे.

स्लो वाढवल्याने दोष झाकला कसा जातो, हे समजायला कार्बोरेटरच्या आत डोकवावे लागते. मूठ पूर्ण सोडलेली असताना पेट्रोल मुख्य जेटमधून येत नाही. मुठीच्या केबलने वर-खाली होणारी, हवेची वाट उघडणारी स्लाइड जवळजवळ बंद असते, तिच्या पलीकडे इंजिनाच्या बाजूला जोराची ओढ तयार झालेली असते, आणि ती ओढ एका बारीक भोकातून पेट्रोल-हवेचे मिश्रण खेचून घेते. या भोकापर्यंत पेट्रोल आणणारा जेट म्हणजे स्लो जेट, ज्याला काही जण पायलट जेट म्हणतात. त्याचे भोक सुईच्या टोकाएवढे असल्यामुळे टाकीतला गंज, कॉकच्या जाळीतून निसटलेला गाळ किंवा गाडी महिनाभर उभी राहिल्यावर पेट्रोल उडून मागे राहणारा चिकट थर, यांपैकी काहीही ते भोक अर्धवट बुजवायला पुरेसे असते. बुजले की स्लोला पेट्रोल कमी पडते आणि गाडी बंद पडते. अशा वेळी स्लोचा स्क्रू आत घेतला तर त्याचे टोक स्लाइडला वर उचलते, स्लाइड उचलली गेली की तिला खाली लावलेल्या सुईच्या बाजूने मुख्य जेटचे पेट्रोल झिरपू लागते, आणि गाडी चालू राहते. म्हणजे तुमची गाडी आता बहुधा स्लो जेटवर नव्हे, तर अर्धवट मुख्य जेटवर उभी आहे. म्हणूनच तिची स्लो स्थिर नसते, किंचित मूठ पिळताच ती घुटमळते, आणि मूठ सोडल्यावर वेग उतरायला वेळ लागतो.

दोष कुठे आहे हे ठरवायला काही सोप्या चाचण्या आहेत आणि त्या स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कराव्यात. पहिली म्हणजे गाडी नेमकी केव्हा बंद पडते. न्यूट्रलमध्ये तासभर चालू राहते, पण क्लच दाबून गिअरमध्ये उभी असताना बंद पडते, असे असेल तर कार्बोरेटर निर्दोष आहे आणि क्लच पूर्ण सुटत नाही. क्लचच्या केबलची ढील बघावी. प्लेटा चिकटत असतील तर तेलाचा दर्जा आणि प्लेटा तपासाव्यात. नव्या गाड्यांत साइड स्टँडचा स्विच बिघडल्यासही असेच होते. थंड असताना चोक ओढल्याशिवाय चालू राहत नाही आणि गरम झाल्यावरही चोक थोडा ओढला की बरी चालते, असे असेल तर तिला स्लोला पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी फालतू हवा शिरते आहे. थंड असताना छान चालते, पण अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर सिग्नलला बंद पडते आणि लगेच चालूही होत नाही, असे असेल तर माझा पहिला संशय टॅपेटवर जातो.

टॅपेटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण स्लोच्या तक्रारींमागचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे आणि ते बहुतेक वेळा ग्राहकाच्या आग्रहातून येते. हेडमधून येणारा ‘टिक-टिक’ आवाज लोकांना आवडत नाही, आणि सर्व्हिसिंगला गाडी देताना ‘तेवढा टॅपेटचा आवाज बंद करा’ अशी सूचना हटकून दिली जाते. आवाज बंद करण्याचा सोपा उपाय म्हणजे टॅपेट आवळणे. गाडी थंड असताना ती शांत आणि गोड चालते. पण व्हॉल्व्हची दांडी तापून लांबते, ठेवलेली फट संपते, आणि व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही. धावत्या गाडीत ही गळती जाणवत नाही, कारण तेव्हा ती घडायला वेळच मिळत नाही. स्लोला मात्र प्रत्येक फेरी सावकाश होते, कॉम्प्रेशन निसटते आणि इंजिन मान टाकते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सर्वांत जास्त तापत असल्यामुळे आवळलेल्या टॅपेटची झळ आधी त्यालाच लागते आणि असेच चालवत राहिले तर त्याची कड जळते. तेव्हा टॅपेटची फट इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो रात्रभर उभ्या गाडीवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने), त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाला ठेवावी. टॅपेट किंचित वाजत असेल तर वाजू द्यावे.

फालतू हवेची गळती हे दुसरे मोठे कारण. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मध्ये जो जोड असतो, त्यातली रबरी रिंग कडक होते, इन्सुलेटरला चीर जाते, किंवा बोल्ट एकाच बाजूने आवळल्याने कार्बोरेटरची कड वाकते. तिथून शिरलेली हवा कार्बोरेटरने मोजलेली नसते, त्यामुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते. अशा गाडीची स्लो एकसारखी राहत नाही. आपोआप वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते, आणि मूठ सोडल्यावर आरपीएम वर लटकून राहतो. तपासण्यासाठी काही जण कार्बोरेटर क्लीनरचा फवारा त्या जोडावर मारतात. चाचणी अचूक आहे, पण तो फवारा पेट घेणारा असतो आणि गरम सायलेन्सर वीतभर अंतरावर असतो. म्हणून घरी साध्या पाण्याची फवारणीची बाटली घ्यावी, सायलेन्सर आणि प्लग टाळून फक्त जोडावर हलका फवारा मारावा. इंजिनाच्या आवाजात त्या क्षणी फरक पडला तर गळती तिथेच आहे. रिंग काही रुपयांत मिळते. तिच्यावर सिलिकॉनचा चिकट थर फासून वेळ मारून नेऊ नये, कारण बऱ्याच सिलिकॉनचा पेट्रोलपुढे टिकाव लागत नाही आणि त्याचे सुटलेले तुकडे आत जातात.

बाकीच्या गोष्टी पटकन बघून होतात. मुठीच्या केबलला दोन ते सहा मिलिमीटर ढील असावी, आणि इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवले तरी आरपीएम बदलू नये. बदलत असेल तर केबल चुकीच्या वाटेने ओढली आहे आणि यू-टर्न घेताना गाडी स्वतःहून उसळी घेऊ शकते. हे स्लोच्या तक्रारीपेक्षा गंभीर आहे, आधी दुरुस्त करावे. एअर फिल्टर घाणेरडा असेल तर साफ करावा किंवा बदलावा, पण स्लो बसवताना तो जागेवरच असावा. फिल्टर काढून बसवलेली स्लो फिल्टर लावल्यावर चुकते. प्लगची फट मॅन्युअलप्रमाणे ठेवावी आणि प्लग बराच जुना झाला असेल तर नवाच टाकावा. बॅटरीवरून ठिणगी देणाऱ्या गाड्यांत मरायला टेकलेल्या बॅटरीमुळेही स्लो डळमळते.

स्लो जेट साफ करायचा झाला तर कार्बोरेटर उतरवून, खालची वाटी काढून, जेट फिरवून बाहेर घ्यावा लागतो. हे काम ज्याने कधी केलेले नाही त्याने पहिल्यांदा कुणाच्या तरी देखरेखीखाली करावे. जेट उजेडाकडे धरून पाहिला तर त्यातून पूर्ण गोल प्रकाशबिंदू दिसला पाहिजे. क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या झोताने तो उडवावा. पिन, टाचणी किंवा क्लचच्या केबलची तार त्यात घालू नये. पितळ मऊ असते, भोक किंचित जरी मोठे झाले तरी तो जेट कायमचा बाद होतो आणि पुढे कितीही स्क्रू फिरवला तरी मिश्रण जुळत नाही.

एवढे सगळे ठीक असल्याची खात्री झाल्यावर प्रत्यक्ष जुळणीकडे वळावे. गाडी दहा-पंधरा मिनिटे रस्त्यावर चालवून आणावी. उभ्या उभ्या गरम केलेले इंजिन हेडपाशी तापते, पण तेल पुरेसे गरम होत नाही. थंड तेल इंजिनाला जड जाते, आणि त्या स्थितीत बसवलेली स्लो नंतर जास्त निघते. थंडीच्या दिवसांत सकाळी बसवलेल्या स्लोबद्दल दुपारी तक्रार येते ती याच कारणाने. गाडी डबल स्टँडवर, सपाट जागेवर, मोकळ्या हवेत उभी करावी. बंद पार्किंगमध्ये किंवा शटर ओढलेल्या दुकानात हे काम करू नये, कारण या धुरातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना किंवा नाकाला जाणवत नाही.

कार्बोरेटरवर बाहेरून फिरवता येतील असे दोन स्क्रू असतात. मोठ्या डोक्याचा, बहुधा स्प्रिंग लावलेला, स्लाइडच्या मधोमध शिरणारा स्क्रू स्लोचा. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की स्लो वाढते. दुसरा लहान, बऱ्याचदा एका खोलगट नळीत लपलेला, मिक्श्चरचा. कंपनीने त्यावर टोपी बसवलेली असू शकते किंवा त्याचे डोके इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे असू शकते, जेणेकरून साध्या स्क्रू ड्रायव्हरने कुणी छेडू नये. तसे असेल तर तो भाग अधिकृत सर्व्हिस सेंटरवर सोडावा. मिक्श्चरचा स्क्रू दोन प्रकारचा असतो आणि तिथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. तो स्लाइडच्या अलीकडे, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचे प्रमाण ठरवतो, आणि बाहेर काढल्यास मिश्रण पातळ होते. तो स्लाइडच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल-मिश्रणाचे प्रमाण ठरवतो, आणि बाहेर काढल्यास मिश्रण घट्ट होते, म्हणजे त्यात पेट्रोल वाढते. एका गाडीवर लाभलेली रीत दुसऱ्या गाडीवर उलटी पडते ती यामुळे. म्हणून आधी जागा पाहावी आणि मग फिरवावे.

कोणताही स्क्रू हलवण्यापूर्वी त्याची मूळ जागा नोंदवून ठेवावी. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवावा, किती आटे लागले ते मोजून कागदावर लिहावे आणि तितकेच आटे पुन्हा बाहेर काढावेत. ‘हलक्या हाताने’ हे शब्द मी जाणीवपूर्वक लिहितो, कारण त्याचे टोक सुईसारखे निमुळते असते. जोर लावून आवळले की टोकावर खाच पडते किंवा ते आतच मोडते, आणि मग कार्बोरेटर बदलण्यावाचून इलाज उरत नाही. बहुतेक गाड्यांत ही मूळ जागा दीड ते अडीच आट्यांच्या आसपास सापडते. ती अर्ध्या किंवा चार आट्यांवर सापडली तर आधी कुणीतरी दुसरा दोष या स्क्रूने झाकायचा प्रयत्न केलेला आहे असे समजावे.

आता इंजिन चालू ठेवून स्लोच्या स्क्रूने 1400 च्या आसपास आणावे. मग मिक्श्चरचा स्क्रू एका दिशेने पाव आटा फिरवावा आणि थांबावे. घाई केली तर चूक हमखास होते. इंजिनाला नव्या प्रमाणावर स्थिरावायला दहा-पंधरा सेकंद लागतात. आरपीएम वाढला तर त्याच दिशेने आणखी पाव आटा, घटला तर उलट दिशेने. असे करत एक जागा सापडते जिथे आरपीएम सर्वाधिक असतो आणि तिच्या दोन्ही बाजूंना तो उतरतो. ती जागा सापडल्यावर स्लो बहुधा 1400 च्या वर गेलेली असेल, ती स्लोच्या स्क्रूने पुन्हा 1400 वर आणावी. मिक्श्चरची तीच चाचणी एकदा परत करावी, कारण स्लाइड खाली आल्यावर सर्वाधिक आरपीएमची जागा किंचित सरकते. सिग्नलला बंद पडणे, मिश्रणाचा धूर आणि पेट्रोलचा खप, या तिन्हींच्या दृष्टीने हीच जागा बरोबर असते. काही जण त्यापुढे आणखी अर्धा आटा पातळ करून ‘अ‍ॅव्हरेज काढतात’. तसे करू नये. स्लो जेटचा प्रभाव कमी मुठीपर्यंत असतो, म्हणजे शहरातल्या गर्दीत गाडी बराच वेळ त्याच मिश्रणावर चालते, आणि पातळ मिश्रणावर इंजिन तापते, उताराला सायलेन्सरमधून फटाके वाजतात आणि सकाळी चालू करताना त्रास होतो.

मिक्श्चरचा स्क्रू फिरवूनही आरपीएममध्ये काहीच फरक पडत नाही, असे दिसले तर फिरवणे थांबवावे. याचा अर्थ स्लो जेट किंवा त्याची वाट अजून चोंदलेली आहे, किंवा स्लाइड इतकी वर आहे की इंजिन स्लो जेटकडे बघतच नाही. तुमच्या गाडीत आज हेच दिसेल असा माझा अंदाज आहे.

जुळणी झाल्यावर मूठ झटक्यात थोडी पिळून सोडावी. आरपीएम चटकन उतरून आपल्या जागी थांबला तर काम झाले. वर लटकत राहून हळूहळू उतरला तर मिश्रण पातळ आहे किंवा हवा गळते आहे. 1400 च्याही खाली बुडून, अडखळून मग वर आला तर मिश्रण घट्ट आहे. शेवटी हेडलाइट लावून, ब्रेक दाबून, हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहावे, आणि मग गाडी चालवून एखाद्या खऱ्या सिग्नलला उभी करावी.

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना आता इंधनाचाही विचार करावा लागतो. पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. निव्वळ पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला साधारण 9 पट. त्यामुळे मिश्र इंधनाला प्रमाणात कमी हवा पुरते. इंजेक्शनच्या (कार्बोरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीचा संगणक सेन्सरवरून हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला ते जमत नाही, आणि त्याच जेटवर तीच गाडी किंचित पातळ चालू लागते. म्हणून 2012 च्या गाडीची मिक्श्चरची जागा पूर्वीपेक्षा पाव-अर्धा आटा घट्ट बाजूला सापडली तर दचकू नये. इथेनॉल पाणी ओढून घेते, हा दुसरा मुद्दा. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर कार्बोरेटरच्या वाटीखालचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढावे. तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला तर स्लोचे दुखणे तिथेच आहे.

उंचीचा परिणाम याच्या उलट होतो. पुण्याहून महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे 1350 मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण 12 टक्के विरळ असते. मिश्रण थोडे घट्ट होते आणि स्लो किंचित उतरते, पण दोन दिवसांच्या सहलीसाठी काहीही छेडायची गरज नाही. लेह सुमारे 3500 मीटरवर आहे, तिथे हवा जवळपास 30 टक्के विरळ असते, आणि कार्बोरेटरची गाडी घेऊन जाणाऱ्यांना स्लो थोडी वाढवावी लागते. ती किती आटे वाढवली हे लिहून ठेवावे आणि खाली उतरल्यावर तितकीच कमी करावी. परतल्यावर तशाच घोंगावणाऱ्या गाड्या दरवर्षी गॅरेजांत येतात.

पीयूसीची (धुराच्या प्रदूषणाची) चाचणी स्लोवरच होते, म्हणून वरची जुळणी तिथे कामी येते. 31 मार्च 2000 नंतर बनलेल्या आणि बीएस-4 या प्रदूषण मानकाच्या आधीच्या चार-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्के आणि हायड्रोकार्बन (न जळलेले इंधन) 4500 पीपीएम (दहा लाखांत 4500 भाग) ही मर्यादा आहे. नीट जुळवलेली गाडी यात सहज बसते. आकडे वर गेले तर मिश्रण घट्ट आहे, किंवा मिश्रण इतके पातळ आहे की ते न जळताच बाहेर पडते. दुसऱ्या प्रकारात कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन जास्त दिसतो. चाचणीच्या कागदावरचे दोन आकडे अशा प्रकारे वाचले तर ते फुकटचे निदान असते.

राहिला मित्राच्या गाडीचा प्रश्न. 1 एप्रिल 2020 पासून विकल्या गेलेल्या गाड्या बीएस-6 मानकाच्या आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे स्लो संगणक ठेवतो. इंजिनाचे तापमान पाहून तो किती हवा सोडायची हे ठरवतो, त्यामुळे सकाळी थंड गाडी थोडी वर चालते आणि गरम झाल्यावर आपोआप खाली येते. थ्रॉटल बॉडीवर (इंजिनाला हवा सोडणाऱ्या भागावर) फुलपाखरासारख्या झडपेला टेकणारा एक लहान स्क्रू कदाचित दिसेल, त्यावर रंगाचा ठिपका किंवा सील असेल. तो स्लोचा स्क्रू नाही. झडप पूर्ण बंद असताना सेन्सरने जो शून्य बिंदू धरायचा, तो त्या स्क्रूने कारखान्यात ठरवलेला असतो. तो हलवला की संगणकाला मूठ किंचित उघडी आहे असे वाटू लागते आणि स्लो आणखी बिघडते. काही मॉडेलांत बाजूने जाणाऱ्या हवेचा वेगळा स्क्रू दिलेला असतो. मॅन्युअलमध्ये त्याचा उल्लेख असेल तरच त्याला हात लावावा. इंजेक्शनच्या गाडीची स्लो डळमळली तर बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीत साठलेला काळा थर साफ करून, आणि नंतर त्या कंपनीच्या पद्धतीने संगणकाला शून्य बिंदू पुन्हा शिकवून, काम भागते. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असेल तर गाडी आधी स्कॅनरला लावून कोड वाचायला सांगावे, आणि कोड न वाचताच कुणी स्क्रू ड्रायव्हर पुढे केला तर गाडी तिथून परत आणावी.